आधी चौकट, मग भिंती

त्या संध्याकाळी आम्ही नव्या घराच्या छपराचे कवेलू वाजवून पाहिले. मी एकेक उचलून भागीच्या हातात द्यायचो, ती बोटाच्या पेरानं टकटक करून कानाशी धरायची. खणखणीत वाजलं तर उजवीकडे, भद्द वाजलं तर डावीकडे. डावीकडचे उद्या कुंभाराच्या दारात परत. मग भाकर आणि अंबाडीची भाजी खाल्ली. मी म्हटलं, मीठ कमी आहे. ती म्हणाली, खा आता. झोपलो. पहाटे हलवलं तर ती गेली होती.

भागी माझी बायको. मी तिसरी शिकलेला माणूस, गोड लिहिता येत नाही. बाई तिरपागडी होती.

लोक आधी जागा घेतात, मग भिंती उभारतात. हिनं साठीच्या तोंडावर घर काढलं आणि जागेचा पत्ता नसताना सागाची चौकट विकत आणली. आम्ही वणीत राहायचो, कापसाची सरकी काढतात त्या जिनाच्या चाळीत. माझे गुडघे गेल्यापासून मी घरी बसून. ती जिनात कापूस निवडायची म्हणून ती खोली. चौकट भिंतीला लागून मावेना, तर तिनं ती दोन खाटांच्या मधे उभी केली. पाच वर्षं आम्ही नवराबायको चौकटीच्या अलीकडे-पलीकडे झोपलो. शेजारची काशी यायची आणि विचारायची, "मामी, आज मामा घरात हायेत का बाहीर?"

याचं मूळ नव्या पैशात. ते निघाले त्या साली भागीनं दुकानदाराला एकेक आण्याची चार नाणी दिली. त्यानं आण्याचे सहा, असे चोवीस पैसे धरले. मागून काशीनं चवन्नी दिली, तिचे पंचवीस धरले. भागी दुपारभर त्या दुकानासमोर बसली. घरी येऊन म्हणाली, "काल सोळा आणे व्हते, आज शंभर पैसे म्हनते. उद्या काय म्हनन, कोनाले ठाव?" तेव्हापासून तिचं एकच बोलणं, पैसा बसला का उठून जाते. मजुरी हातात पडली की त्या पैशाची घरासाठी काहीतरी वस्तू व्हायची. कधी खिडकीचे गज, कधी बिजागऱ्या, कधी शंभर विटा. पायातले तोडे मोडून गावाबाहेर जागा घेतली, तीही चौकटीनंतर तीन वर्षांनी.

तिच्या बोलण्यातलं घर मात्र दरसाल लहान होत गेलं. आधी तीन खोल्या होत्या, मग दोन. या दिवाळीनंतर एकच, आणि तीत एकच खाट. मी म्हटलं, दोघं म्हातारे मावणार कसे. ती म्हणायची, मावते. मी सांगितलं, तुझं डोकं फिरलं आहे. चार दिवस बोललो नाही तिच्याशी. हे लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो तर जिनाचा जमादार दारात. खोली कामकरणीची, होळीनंतर दुसरीला द्यावी लागेल, असं मान खाली घालून सांगून गेला. माणूस वाईट नव्हता.

मागोमाग रहीम मिस्त्री आला. घर बांधायचं काम भागीनं त्यालाच दिलं होतं. मी म्हटलं, आता घर कायले, इसार परत दे. तो खाली बसला.

"देतो, बाबा. पन आयका. बुढीमाय दिवाळीनंतर आलती. म्हने, छातीत दुखून राह्यलं, मी काई राह्यत नाई. एकच खाट धर, तेवढ्यात भागते. मी गेली का बुढ्याले खोलीतून काढतीन, त्याच्या आंधी त्याच्या डोक्यावर छप्पर पायजे. आन त्याले सांगू नोको, रडते तो."

मी रडलो नाही. मिस्त्रीला चहा करून दिला. साखर टाकायची राहिली. तो तसाच प्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जागेवर गेलो. मिस्त्री दोरी लावत होता. त्याला म्हटलं, "खोली दोन खाटांची धर."

"इटा पुरनार नाईत, बाबा."

"कमरेपावतर इटा घाल. वरतं पऱ्हाट्यांचा कूड करू, शेणामातीनं लिंपू."

"दुसऱ्या खाटेवर कोन?"

"कोनी नाई. तू दोरी सरकव."

त्यानं सरकवली. शेजारच्या वावरात कापूस वेचून झाला होता. मालकाला विचारून मी पऱ्हाट्या, कापसाची उरलेली वाळकी झाडं, उपटायला लागलो. गुडघे वाकत नव्हते, म्हणून पाय लांब करून बसल्याबसल्याच दोन ओळींमधल्या तासातून पुढे सरकत गेलो.