दोरीवरची वस्ती

टीपबाईंना वस्तीची पारख कुणी शिकवू नये! वीस वर्षं शिवणयंत्र चालवलेली बाई; नुसत्या कॉलरवरून माणसाचा स्वभाव सांगायची. नवऱ्याची बदली मोठ्या शहरात झाली, तेव्हा त्याने बाजार, दवाखाना, कचेरीचं अंतर असे रकाने पाडून वस्त्यांची यादी केली. बाईंनी ती न वाचताच घडी घालून ठेवली.

"अहो, घरं काय बघायची? वाळत घातलेले कपडे बघायचे! जिथे उसवलेलं जास्त आणि शिंप्याची पाटी एकही नाही, तिथे आपण राहायचं."

"आणि पाण्याचं काय?"

"कपडे धुतलेत म्हणजे पाणी असणारच ना!"

नवऱ्याने पायात चपला सरकवल्या. जुनी गिऱ्हाइकं सगळी मागे राहणार होती. नव्या जागी काम मिळालं नाही तर यंत्रावर चादर टाकून बसावं लागेल, या धास्तीने बाईंना आठवडाभर घास गोड लागत नव्हता, हे त्याला ठाऊक होतं.

पहिल्या वस्तीत बाई रस्त्यात उभ्या राहिल्या. मान वर, हातात वही. "दुसरा मजला, उसवलेली काख, एक..." असं लिहितायत तोच काख गायब! मग शेजारची चादर गायब. बघता बघता अख्खी इमारत रिकामी!

"अहो, इतक्यात वाळले?" बाई चक्रावल्या.

तळमजल्यावरून एक गृहस्थ धापा टाकत आले. "मॅडम, ही शेड तात्पुरती आहे हो! उद्याच काढतो, पण नगरपालिकेच्या वहीत लिहू नका!"

"कसली शेड? मी काखा मोजतेय!"

गृहस्थ दोन पावलं मागे सरकले, घरात शिरले आणि त्यांनी आतून कडी लावली.

दुसऱ्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावरून एक आजीबाई ओरडल्या, "मुलीकडचे ना तुम्ही? खाली काय उभ्या? वर या, मुलगा आंघोळीला गेलाय!"

"आजी, ही पँट त्याचीच का? गुडघ्यात विरलीय."

"तेवढ्यावरून नकार देताय?"

"नकार कुठे? मला तर फार आवडली!"

झालं! पाचव्या मिनिटाला दोघांच्या हातात चहाचे कप, समोर ओल्या केसांचा लाजरा मुलगा, आणि मूलबाळ नसलेला नवरा कन्येचा बाप! "कळवतो," एवढंच पुटपुटत त्याने बाईंना जिन्यावरून जवळजवळ ओढतच खाली आणलं.

तिसऱ्या वस्तीत मात्र बाई जागीच खिळल्या. काय ती दृश्यं! बटणाविना शर्ट, लोंबणाऱ्या शिवणी, कडा सुटलेले पडदे, एका फ्रॉकला तर बाहीच एक! आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिंप्याची एक पाटी नाही!

"हीच!" बाईंनी वही मिटली. "इथे मला मरेपर्यंत काम पुरेल."

सामान लागलं. पहिल्या सकाळी बाई हौसेने गॅलरीत आल्या. नऊ वाजले. पटापट दारं उघडली आणि माणसं कामाला निघाली. बायका काय, पुरुष काय, प्रत्येकाच्या गळ्यात मापाची टेप!

बाईंनी डोळे चोळले. टेपा तशाच. अख्खी गल्ली शिंप्यांची! दुकानं तेवढी बाजारात.

"पण मग हे फाटके कपडे?" बाई मटकन ट्रंकेवर बसल्या.

"अगं, गिऱ्हाइकाचं आधी, घरचं उरलं तर," नवरा शांतपणे म्हणाला. "माझ्या या शर्टाला दोन बटणं नाहीत, पावणेदोन वर्षं झाली. निदान तुला तरी कळायला हवं होतं."

दिवसभर बाई यंत्राकडे पाठ करून बसल्या. संध्याकाळी दार वाजलं. समोरच्या घरातली शिंपीण होती, हातात तो एका बाहीचा फ्रॉक.

"ताई, तुम्ही शिवता म्हणे? लेकीचा आहे हो. घरचं काही हातून होत नाही बघा. गिऱ्हाइकासारखी आले तर चालेल?"

तिच्यामागे जिना भरला होता. प्रत्येकाच्या काखेत गाठोडं, आणि गल्लीभर शिंपी असून प्रत्येकाच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखा भाव!

बाईंचा जीव भांड्यात पडला. फ्रॉक छातीशी धरून त्या म्हणाल्या, "मंगळवारी देते. अगदी नक्की!"

जिन्यावरचे सगळे एकमेकांकडे बघू लागले. शिंपिणीने हळूच विचारलं, "ताई, गिऱ्हाइकाला सांगायचा मंगळवार, की खरा?"

बाई ओशाळल्या.

"बरं... शुक्रवारी या."