पेशंट गाडी, नातेवाईक मी

मी फक्त बॉनेट उघडून बघणार होतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं, मी गाडी खिळखिळी करायच्या इराद्यानेच त्या रविवारी सकाळी खाली उतरलो होतो. तसं अजिबात नव्हतं. माझ्या मनात गाडीबद्दल काही वाईट नव्हतं. (गाडीच्या मनात माझ्याबद्दल काय होतं, ते मी सांगू शकत नाही.)

गाडी माझ्या सासऱ्यांची. म्हणजे आता आमची, पण अटीवर. वयामुळे चालवणं जमेना, तेव्हा बाबांनी दोन्ही जावयांना समोर बसवलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "जावईबापू, ही माझी तिसरी मुलगी समजा. निगा तुम्ही स्वतः राखायची. इंजिन हे पुरुषमाणसाचं काम. हयगय दिसली, की गाडी मोठ्या जावयांकडे." मोठे जावई म्हणजे माझे साडू. त्यांच्याकडे स्वतःची कोरी करकरीत गाडी आहे, पण जुन्या गाड्यांची भारी हौस. ते त्या किल्लीकडे अशा नजरेने बघत होते, की मी ती खिशात टाकून वर रुमाल कोंबला.

पण खरा जीव अडकलेला होता माझ्या बायकोचा. ती इस्पितळात सिस्टर आहे. गाडी चालवायला ती याच गाडीवर शिकली आणि ड्यूटीला याच गाडीने जाते. मी शेजारी बसून "डावीकडे जागा आहे, डावीकडे जागा आहे" एवढं म्हणतो आणि माझ्या ऑफिसपाशी उतरतो. गाडी गेली तर तिच्या नशिबी पुन्हा बसच्या रांगा. ती तोंडाने काही बोलायची नाही, पण उतरल्यावर दाराला हलकेच थोपटायची. मला तिने तसं थोपटल्याला बरेच दिवस झाले होते.

तर अशी ही गाडी हल्ली बिघडली होती. पळताना झकास, पण सिग्नलला थांबली की अंगात कापरं भरल्यासारखी थरथरायची. आवाज वर जायचा, खाली यायचा, मधेच श्वास अडकायचा आणि कधीकधी बंदच पडायची. मागचे लोक हॉर्न वाजवून आमच्या दोघांच्याही घराण्यांचा उद्धार करायचे. आणि त्या रविवारी दुपारी बाबा जेवायला येणार होते. साडू त्यांना घेऊन येणार होते. जेवण हे निमित्त, तपासणी गाडीची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मेकॅनिकला का नाही दाखवत?" बायकोने विचारलं.

"रविवारी कुणाचं गॅरेज उघडं असतं? आणि बाबा म्हणाले ना, स्वतः राखायची! मी फक्त बॉनेट उघडून बघतो."

"फक्त बघा हं," ती म्हणाली आणि स्वयंपाकाला लागली.

मी बघितलं. इंजिनानेही माझ्याकडे बघितलं. आमची ओळख पटेना. पण नुसतं बघून वर जायचं म्हणजे फारच झालं, म्हणून मी प्लगच्या वायरी काढल्या. चारही. काढून इंजिनाच्या कडेलाच लांबीप्रमाणे ओळीने मांडल्या, एका टोकाने अजून इंजिनाला लटकलेल्याच, पण मांडल्या. (मी रेकॉर्ड विभागात आहे. आमच्याकडे सगळं ओळीने असतं. सापडत काही नाही, पण असतं ओळीने.) वायरी पुसल्या, प्लग पुसले आणि पुन्हा तितक्याच शिस्तीने जोडल्या. सगळ्यात लांब वायर पहिली, मग तिच्याहून आखूड, असं करत करत. मन प्रसन्न झालं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून ओरडले, "काय झालं हो?"

"थांबल्यावर थरथरते!"

"मग तो कार्बोरेटरचा स्क्रू फिरवा!"

"कुठला?"

"बारीक!"

"कुठल्या बाजूला?"

"आवाज सुधारेल त्या बाजूला!" असं म्हणून काका आत गेले.

मी फिरवला. एका बाजूला, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या, आणि मग कुठली पहिली तेच विसरलो. किल्ली फिरवली. आतून असा बार उडाला, की काका परत बाहेर आले. गाडी फटाफट आवाज काढत, धूर ओकत, जागच्या जागी उड्या मारायला लागली. मी ती बंद केली तरी ती थोडा वेळ चालतच राहिली, केवळ माझ्यावरच्या रागाने.

पाठीमागे बायको उभी होती. हाताला कणीक, कपाळावर आठी.

"काय केलंत?"

"काही नाही. बघितलं."

तिने हात धुतले, साडीचा पदर खोचला आणि घरातून रक्तदाब तपासायचा स्टेथोस्कोप, बँडेज कापायची कात्री आणि इस्त्रीच्या वेळी पाणी फवारायची बाटली घेऊन आली. तिचा तो चेहरा मी ओळखतो. वॉर्डात पेशंट आला की ती अशी होते. आवाज खाली येतो आणि आजूबाजूची माणसं आपोआप सरळ उभी राहतात. मीही राहिलो. काकाही वर राहिले.

"त्रास कधीपासून आहे?"

"महिनाभर असेल."

"थंड असताना जास्त, की गरम झाल्यावर?"

"सारखाच."

"आज घरगुती उपचार काय काय केलेत?"

"काहीच नाही गं. जरासं पुसलं."

"पेशंट कधी खोटं बोलत नाही," ती शांतपणे म्हणाली. "नातेवाईक बोलतात. वायरी काढल्यात?"

मी मान खाली घातली. ती वाकली, बघत राहिली आणि मग जे म्हणाली ते ऐकून मी थक्कच झालो. "ही बघा, ही आखूड वायर ताणून ताणून शेवटच्या प्लगपर्यंत नेलीय, आणि ही लांब इथे जवळच लोळतेय. सलाईनची नळी अशी ताणून कुणी लावतं का?" तिने वायरी काढल्या आणि प्रत्येक वायर तिथे बसवली, जिथे ती ना ताणली गेली, ना लोळली. किल्ली फिरवली. बार नाही, फटफट नाही. निदान उड्या तरी थांबल्या.

"आता स्क्रू. किती फिरवलात?"

"अर्धा फेरा."

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"बरेच," मी म्हणालो.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते," ती म्हणाली. "चार औषधं एकदम दिली, तर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं, कळणार कसं?" आणि तिने तो स्क्रू जरासा फिरवायचा, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा जरासा फिरवायचा, असं करत आणला मूळ जागी. गाडी आता, महिनाभर थरथरत होती, फक्त तेवढीच थरथरत होती. म्हणजे सकाळपासूनचं माझं सगळं कर्तृत्व पुसून आम्ही शून्यावर आलो होतो.

"आता मूळ दुखणं," ती म्हणाली.

चालू इंजिनावर ती वाकली, पदर लोंबत नाही ना, केस सुटलेले नाहीत ना, हे आधी बघून. स्टेथोस्कोपची पुढची चकती तिने काढली आणि नळीचं उघडं टोक इंजिनाच्या एकेका पाइपजवळून फिरवायला लागली. डोळे मिटलेले. मी श्वास रोखून उभा. अहो, आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही बाई इतकी सुंदर दिसते हे मला त्या दिवशी, बॉनेटच्या सावलीत, नाकाला काळं लागलेलं असताना कळलं. मला तिचा इतका अभिमान वाटला, की मी वर बघून काकांना म्हणालो, "माझी बायको आहे!"

"ठाऊक आहे हो," काका म्हणाले. "ऐकू द्या तिला."

"सुस्कारा ऐकू येतोय," ती म्हणाली.

"मीच सोडला."

"तुमचा नव्हे. इथे, या पाइपात." तिने बोट ठेवलं, ती कार्बोरेटरच्या खालून जाणारी एक बारकी रबरी नळी होती. तिने त्या नळीच्या टोकावर बाटलीतलं पाणी फवारलं. आणि काय सांगू! गाडी क्षणभर एकदम शांत झाली. मग पाणी आत ओढलं गेलं आणि पुन्हा थरथर सुरू. तिने पुन्हा फवारलं, पुन्हा शांत.

"नळीला खालून चीर गेलीय. त्यातून नको ती हवा आत शिरते. पळताना जाणवत नाही, थांबली की गुदमरते." तिने इंजिन बंद केलं, कात्रीने चिरलेलं टोक कापून टाकलं आणि उरलेली धड नळी घट्ट बसवली. लांबी पुरली. किल्ली फिरवली.

गाडी झोपलेल्या बाळासारखी एका लयीत चालत होती. बॉनेटवर ठेवलेल्या बाटलीतलं पाणीसुद्धा हलेना. वरून काकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोने दाराला थोपटलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर माझेही.

"जा, हात धुवा, शर्ट बदला," ती म्हणाली. "ते येतीलच."

मी परीटघडीचा शर्ट घालून खाली येतो तोच साडूंची गाडी फाटकात शिरली. बाबा उतरले ते घरात न येता थेट आमच्या गाडीपाशी गेले. "सुरू करा."

मी सुरू केली. बाबांनी बॉनेटवर तळहात ठेवला. साडू आशेने कान टवकारून उभे. गाडी तशीच, शांत.

"माझ्या हातात असतानासुद्धा ही अशी कधी चालली नाही," बाबा म्हणाले. "कुणी केलं हे?"

मी तोंड उघडलं. पण त्याआधी बायको म्हणाली, "ह्यांनी!"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. बाबांची अट तिच्या लक्षात होती. गाडी राहावी म्हणून तिने स्वतःची सगळी करामत माझ्या पदरात टाकली होती. एवढं मोठं मन! मी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण बाबांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की सांगायचं राहून गेलं. (त्यांनी पुन्हा मारावी असंही वाटत होतं.)

"शाब्बास! गाडी इथेच राहणार. ऐकलंत ना, मोठे जावई? आणि तुमची गाडी सिग्नलला जरा हलते म्हणत होतात ना? आमचे जावईबापू आत्ता बघतील. बघाल ना?"

"म्हणजे काय! दोन मिनिटांचं काम," असं कुणीतरी म्हणालं. आवाज माझा होता.

मी आमची गाडी बंद करून किल्ली खिशात टाकली आणि सगळे साडूंच्या गाडीभोवती जमले. काका तर खालीच उतरून आले. मी बाह्या सरसावल्या, आत वाकलो, डॅशबोर्डखाली हात घातला आणि बॉनेट उघडायची कळ रुबाबात ओढली.

खट्. मागे पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं.

बाबांनी माझे स्वच्छ हात बघितले. मग मुलीकडे वळून तिचे मनगटापर्यंत काळे झालेले हात बघितले. मग त्यांनी हात पुढे केला, माझ्याकडून किल्ली मागून घेतली आणि तिच्या काळ्या तळव्यावर ठेवून तिची मूठ मिटली.

"गाडी तुझी, पोरी. आधीच द्यायला हवी होती," ते म्हणाले. "आणि जावईबापू, तुम्ही तेवढं झाकण लावा."

लावलं. (दुसऱ्या प्रयत्नात लागलं.)