साळूबाईचं बीळ आणि दाराजवळची खोली

एका जंगलात, बाळांनो, साळूबाई राहायची. जातीची साळिंदर, पण स्वभावाने लोण्याहून मऊ. उगाच हसू नका, असतात अशी.

तिचं बीळ टेकडीवर होतं. तीन खोल्यांचं, पाणी न शिरणारं. लेक मात्र नदीपल्याड दिलेली आणि तिचे दिवस भरत आलेले. नदीला पाणी चढायच्या आत साळूबाईला पलीकडे पोचायचं होतं. पण बीळ रिकामं दिसलं की तरस घुसतो, हे त्या जंगलात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून बीळ विकायचं ठरलं.

तिने दलाल बोलावला. नकुलशेठ मुंगूस. आला तो बगलेत पळसाच्या पानावरचा करार घेऊनच.

"नेहमीचाच नमुना आहे हो, साळूताई. आजोबांपासून चालत आलाय. इथे पंजा उमटवा."

आता त्या जंगलात एक रीत होती. कुणासमोर त्याचाच करार वाचणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. साळूबाई पडली मर्यादेची. तिने पंजा उमटवला आणि वर नकुलशेठला सरबतही पाजलं. करा कौतुक!

पंधरा दिवस गेले. नकुलशेठ फिरकला नाही. एके सकाळी खवले मास्तर आपणहून आले. जातीचे खवलेमांजर, पदरी चार पोरं. त्यांना बीळ पसंत पडलं. साळूबाईने आनंदाने बोचकं बांधलं.

तेवढ्यात नकुलशेठ हजर!

"कलम चार. गिऱ्हाईक कुणीही आणो, दलाली माझी. दलाली म्हणजे एक खोली. मी दाराजवळची घेतो."

"अहो, मग आम्ही ये-जा कुठून करायची?" मास्तर म्हणाले.

"माझ्या खोलीतून. मला विचारून."

मास्तरांनी हात जोडले आणि चालू लागले.

साळूबाई रडकुंडीला आली. "मोडा हो तो करार! माझी लेक वाट बघतेय."

"मोडता येत नाही. मुदतही नाही. अक्षर न् अक्षर दोघांवर बंधनकारक."

साळूबाईचे काटे ताठ उभे राहिले. खड्ड्यात गेली मर्यादा! तिने करार हिसकावला आणि त्याच्या तोंडासमोर वाचला.

"कलम नऊ. मालक परगावी गेल्यास, बीळ विकलं जाईपर्यंत दलालाने स्वतः आत राहून राखण करावी."

"हे कुणी लिहिलं?"

"तुमच्या आजोबांनी!"

नकुलशेठने जन्मात कलम चारच्या पुढे वाचलं नव्हतं. साळूबाईने बोचकं उचललं. "तरस संध्याकाळी येतो. दार घट्ट लावा हं," असं सांगून तिने नदी गाठली. लेकीचं बाळंतपण तिच्याच हातून झालं. दोन नातवंडं, दोन्ही टोचरी.

परवा खवले मास्तर टेकडीवरून चालले होते.

"मास्तर!" दारातून नकुलशेठ ओरडला. "तिन्ही खोल्या घ्या हो! दलाली नको, काही नको!"

"घेऊ की. आधी करार वाचतो," मास्तर म्हणाले. आणि त्याच्यासमोर फतकल मारून, एकेक अक्षर लावत, सावकाश वाचत बसले. आज तिसरा दिवस. अजून कलम दोनवरच आहेत.

तात्पर्य: करार न वाचता खुशाल सही करावी. ज्याचा करार असतो, त्याने तरी तो कुठे वाचलेला असतो?