टिटवीचे पाय आणि जंगलाची झोप

एका जंगलात एक टिटवी होती आणि तिला झोप येत नव्हती. बाळांनो, तुम्हाला आता झोप येते. मोठे झालात की येणार नाही. म्हणून गोष्ट नीट ऐका.

टिटवीचे नाव सगुणा. नदीकाठच्या गोट्यांत तिचे घर. ती उताणी होऊन, दोन्ही पाय आभाळाकडे करून झोपत असे. का, तर आभाळ पडू नये म्हणून. तिची आई तशीच झोपायची, आजीही तशीच. आभाळ अजून पडलेले नव्हते, त्याअर्थी पद्धत बरोबर होती.

अख्खे जंगल तिला हसे. "सगुणाबाई, आज जरा भक्कम धरा, ढग आलेत," असे अस्वलराव संध्याकाळी येता-जाता म्हणत, आणि आपल्या गुहेत जाऊन घोरत पडत.

हसण्याचे तिला काही वाटत नसे. तिची झोप उडाली होती ती वेगळ्याच दुखण्याने. गोट्यांत तिची अंडी होती, आणि उताणे पडून अंडी उबवता येत नाहीत, हे तुम्हालाही कळते. रात्री तिचे यजमान धोंडोपंत अंड्यांवर बसत; पण डुलकी लागली की ते कलंडत आणि कलंडले तिथेच झोपत. गेल्या वर्षीची अंडी अशीच गार पडली. ती तिने अजून एका गोट्याआड ठेवली होती आणि त्याबद्दल ती कोणाशी बोलत नसे.

उपाय सांगणाऱ्यांची जंगलात कधीच टंचाई नसते. सशाने पायाला काळा दोरा बांधायला सांगितले. बगळ्याने एका पायावर उभे राहून मन एकाग्र करायला सांगितले, सांगताना त्याची नजर माशावर होती. मोर म्हणाला, आनंदी राहायचे असे एकदा ठरवले की झाले. धोंडोपंत म्हणाले, काय असेल ते मला सांग की. आणि ती सांगायला लागली तसे कलंडले.

शेवटी ती करकोचा वैद्यांकडे गेली. त्यांनी पाय चोचीने ठोकून पाहिले आणि सांगितले, की पाय ठणठणीत आहेत, दुखणे वरच्या मजल्यावर आहे. उंबराखालच्या चंद्राताईंकडे जा.

चंद्राताई म्हणजे एक म्हैस. त्यांचा खासगी व्यवसाय होता, ऐकून घेण्याचा. टिटवी म्हशीकडे निघाली हे कळल्यावर तिला वेड लागले यावर जंगलाचे एकमत झाले. सगुणा बिचारी आडवाटेने गेली. उंबराजवळच्या झुडपातून ससा तोंड लपवून बाहेर पडत होता, त्याची वेळ तिच्या आधीची होती. दोघांनीही ओळख दाखवली नाही.

तिला वाटले होते, ताई अंगारा लावतील, नाहीतर चांगले झापतील. ताई रवंथ करीत बसल्या होत्या. आधी त्यांनी नियम सांगितले. उंबराची सावली त्या दगडाला टेकली की वेळ संपली, मग तुम्ही रडत असलात तरी. यायचे नसेल तर आदल्या दिवशी कळवायचे. दर खेपेला हिरव्या चाऱ्याची एक पेंढी. आणि इथले बोलणे इथेच राहील.

"मला चार पोटं आहेत," ताई म्हणाल्या. "एकातलं दुसऱ्यात जाईल, फार तर चघळायला तोंडात येईल. जंगलात जायचं नाही."

मग त्या गप्प बसल्या. सगुणाही गप्प बसली. बराच वेळ कोणी बोलेना, तेव्हा नाइलाजाने सगुणेने सगळे सांगून टाकले. आभाळ, आई, पाय, धोंडोपंत. गार पडलेल्या अंड्यांपाशी आल्यावर ती रडली. ताई अधूनमधून "हं" म्हणत होत्या. शेवटी डोळे पुसून ती म्हणाली,

"तर आभाळ पडणार की नाही, तेवढं सांगा."

"तुम्हाला काय वाटतं?"

"पडेल असं वाटतं, म्हणून तर आले ना, ताई."

"हं," ताई म्हणाल्या. सावली दगडाला टेकली.

परतताना सगुणा धुमसत होती. पेंढी देऊन आपण आपलाच प्रश्न परत घेऊन चाललो, असे तिला वाटत होते. पण वाटेत तिच्या लक्षात आले, की आपले बोलणे आज पहिल्यांदा कोणी मध्येच न तोडता ऐकले आणि कोणी हसले नाही. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली.

असे बरेच दिवस चालले. कधी ती रडे, कधी नुसती पिसे साफ करत बसे. एकदा तिने ताईंवरच यथेच्छ तोंडसुख घेतले, तर ताई म्हणाल्या, आज छान काम झाले. आईने आभाळ धरले होते हे तुम्हाला कोणी सांगितले, असे त्यांनी एकदा विचारले. आईनेच, असे सांगून सगुणा सावली टेकेपर्यंत आपल्या पायांची बोटे चोचीने चाचपत राहिली. मग ताईंनी घरचा अभ्यास दिला. फक्त एक बोट खाली करून पाहा.

सगुणेने एक बोट दुमडले. आभाळ होते तिथेच राहिले. मग दुसरे बोट. मग जीव मुठीत धरून अख्खा डावा पाय.

धोंडोपंतांच्या पोटात काही राहत नसे. त्यांना एकच पोट होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच अस्वलराव दारात हजर.

"एक पाय खाली केलात म्हणे?"

"हो."

"कोणता?"

"डावा."

"डावीकडे माझी गुहा आहे, सगुणाबाई," अस्वलराव हळू आवाजात म्हणाले.

दुपारपर्यंत सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. मोराला आनंदी राहणे जमेना. सिंहमहाराजांनी सभा बोलावली. आपला असल्या भाकडकथांवर काडीचा विश्वास नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले. मग म्हणाले, तरीपण प्रयोग कशाला? सगुणेला शाल, श्रीफळ आणि 'नभधारिणी' अशी पदवी देण्यात आली. ही टिटवी तुमच्याकडे येऊन काय बोलते, असा जाब चंद्राताईंना विचारला गेला. ताई रवंथ करीत राहिल्या. चारांपैकी एकही पोट फुटले नाही.

इतकी वर्षे जे हसत होते ते तिच्याच पायांच्या भरवशावर झोपत होते, हे सगुणेला तेव्हा कळले. तिला राग आला. भीतीही वाटली, कारण एवढे मोठमोठे घाबरतात म्हणजे आभाळ खरेच पडायचे असेल. तिथल्या तिथे उताणे व्हायला ती वळलीसुद्धा. मग तिला गोट्याआडची अंडी आठवली.

"महाराज," ती म्हणाली, "आभाळ सगळ्यांचं आहे. मला पाय दोन, तुम्हाला चार. मला अंडी उबवायची आहेत."

एवढे बोलून ती निघाली. शाल मात्र अंड्यांखाली अंथरायला घेऊन गेली.

त्या संध्याकाळी ती पाय पोटाशी घेऊन अंड्यांवर बसली. आधी सारखी मान वर करून आभाळाकडे बघत राहिली. मग खालून ऊब लागली आणि तिचा डोळा लागला. धोंडोपंत कलंडले, पण आता ते कलंडले तरी चालण्यासारखे होते.

सकाळी आभाळ जागच्या जागी होते. जंगल मात्र उताणे पडले होते. सिंहमहाराजांचे चारी पाय वर आणि डोळे लाल. शेजारी अस्वलराव, मोर, ससा. हत्तीला उलथायला रानडुकरांची टोळी लागली होती.

"बघितलंत," महाराज दमलेल्या आवाजात म्हणाले, "आम्ही होतो म्हणून राहिलं."

सगुणेचे तिकडे लक्ष नव्हते. तिच्या पोटाखाली टकटक चालू झाली होती.

पिले दुडदुडू लागल्यावर ती ताईंचा निरोप घ्यायला गेली. उंबरापासून नदीपर्यंत रांग होती. ताई नेहमीसारख्या रवंथ करीत होत्या. फक्त त्यांचा मागचा डावा पाय थोडासा उचललेला होता. सगुणा त्या पायाकडे बघत राहिली.

"अवघडलाय जरा," ताई म्हणाल्या. "आणि तसं पाहिलं तर, डावीकडे आता कोणीच नाही ना."

सगुणा त्यांच्यासमोर नीट बसली.

"हं," ती म्हणाली. "कधीपासून होतंय असं?"

तात्पर्य : प्रत्येक घरात कोणीतरी दोन्ही पाय वर करून झोपत असते. त्याला मनसोक्त हसावे, पण बरे होऊ देऊ नये. ते बरे झाले म्हणून आभाळ पडत नाही. पण मग ते आपल्याला धरावे लागते.