पतंगाचं गाणं आणि मायेकरांचा जीव

मायेकरांनी माझं कोपर धरलं की समजायचं, पतंग सुटायची वेळ झाली.

म्हणजे गाण्यातला पतंग. मायेकरांच्या शर्टाच्या खिशात साबणाच्या वडीएवढा एक स्पीकर असतो आणि नायगावच्या आमच्या बागेत सकाळी फेऱ्या मारताना त्यावर झेनीची गाणी चालू असतात. झेनी आठवते ना? कॅसेटच्या जमान्यातली पॉप गायिका. एका कानात बांगडीएवढी रिंग, दुसरा कान मोकळा. तिचं ते पतंगाचं गाणं तेव्हा प्रत्येक लग्नाच्या वरातीत वाजायचं. त्याच्या शेवटच्या कडव्यात पतंग हातातून सुटतो आणि झेनी एक सूर असा वर फेकते, की ऐकणाऱ्याची मान आपोआप आभाळाकडे जाते.

मायेकरांची मान वर जात नाही. ते जागच्या जागी थांबतात. डाव्या हाताने माझं कोपर आवळतात, डोळे मिटतात आणि श्वास रोखतात.

"आली... आली... साळवी, आता बघा हं..."

झेनी सूर लावते.

"पोचली!" मायेकर श्वास सोडतात, माझं कोपर सोडतात आणि आम्ही पुढे चालू लागतो.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं, त्यांना छातीत कळ आली. मी "पाणी, पाणी" ओरडत बागेच्या नळाकडे धावलो, वाटेत हास्यक्लबात घुसलो आणि हात वर करून हसणाऱ्या गुप्तेबाईंना पाडता पाडता वाचलो. बाईंचं हसणं थांबलं. बाकीच्यांचं मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच खरं झालं.

"अहो मायेकर," मी नंतर म्हटलं, "रेकॉर्डिंग आहे ते. काल पोचली, परवा पोचली, आजही पोचणारच."

"कशावरून?" मायेकर म्हणाले.

मी पुढच्या फेरीला लागलो.

मायेकरांनी जन्मभर लिफ्टच्या देखभालीचं काम केलं. लिफ्ट अडकली की हे खाली उभे राहून वरच्या माणसाला ओरडून विचारणार, "पोचली काय?" आणि वरून "पोचली" आल्याशिवाय हलणार नाहीत. ती सवय अंगात मुरलेली. "अडकलेली लिफ्ट काय आणि अडकलेला सूर काय," ते एकदा मला म्हणाले, "आत माणूस असतं, साळवी." मी हसलो. मला ते वाक्य विनोदी वाटलं होतं.

त्यांना कशाचीही काळजी वाटू शकते. बागेत सगळे ज्या दिशेने फिरतात त्याच्या उलट दिशेने ते फिरतात, कारण समोरून येणारा माणूस निदान दिसतो, मागून येणाऱ्याचा काय भरवसा? त्यांच्यासोबत मीही उलटा फिरतो आणि दोघांच्या वाट्याच्या शिव्या एकटा खातो. बागेच्या तोंडाशी मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून लोखंडी वेडंवाकडं फाटक बसवलंय, माणसाला अंग चोरून जावं लागतं. मायेकर रोज तिथे थांबून ते वितींनी मोजतात. वॉचमन तावडे रोज विचारतो, "काका, रात्रीत वाढलं काय?"

"नाही वाढलं," मायेकर गंभीरपणे सांगतात आणि आत येतात.

फेऱ्या झाल्या की आम्ही बाकीचे बाहेरच्या टपरीवर चहा घेतो. मायेकर कधीच थांबत नाहीत. घरी कोण असतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. बागेतल्या ओळखी तशाच असतात. समोरच्याची साखर किती आहे हे ठाऊक असतं, बायकोचं नाव ठाऊक नसतं.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग माघी गणपतीच्या आधी आमच्या गल्लीतल्या मंडळाने जाहीर केलं, की यंदा सांस्कृतिक कार्यक्रमात प्रत्यक्ष झेनी येणार.

मी ही बातमी घेऊन बागेत जवळजवळ धावत गेलो. धावणं मला शोभत नाही, पण वाटलं, मायेकर मला मिठी मारतील. ते मटकन बाकावर बसले.

"का बोलावली?"

"अहो, गायला!"

"माका ह्यां काय बरां दिसणा नाय." मायेकर फार घाबरले की गावच्या भाषेत शिरतात. "वय काय झालं असेल तिचं आता? आणि लोक मागणार काय? पतंगच मागणार. तो सूर आता लागायचा नाही, साळवी. भर मैदानात अडकेल ती. पोरं मोबाइल धरून बसलेली असतात. हसतील."

"मग जाऊ नका तुम्ही."

"जायला तर लागणारच," मायेकर म्हणाले आणि त्या दिवशी त्यांनी स्पीकर लावलाच नाही.

पुढचे दिवस त्यांनी स्वतःचे आणि माझे हाल केले. मांडवात धूर सोडणारं यंत्र लावणार आहेत का, तो घशाला बाधतो. माइक कुठला, स्टेजवर पंखा थेट तोंडावर नाही ना. गुप्तेबाई चिडवायच्या, "काय मायेकर, तुमच्या झेनीची तब्येत कशी आहे?" आणि मायेकर खरंच उत्तर द्यायचे, "थंडी वाढलीय. बघू." बागेत सगळ्यांचं एकमत झालं होतं, म्हाताऱ्याला या वयात प्रेम झालंय. मीही त्या मतात होतो. आणि प्रेमात पडलेल्या मित्राला मदत केली पाहिजे, असं माझ्या मनाने घेतलं. माझ्या मनाने काही घेतलं की माझ्या घरचे आधी दरवाजाला कडी लावतात. त्या दिवशी ते बेसावध होते.

मी मंडळाचा अध्यक्ष पक्या याला गाठलं. पक्या चाळिशीचा आहे, पण गल्लीत अध्यक्षांचं वय वाढत नाही.

"पक्या, एक काम आहे. झेनीला काहीही गाऊ दे. फक्त ते पतंगाचं गाणं नको."

"कुठलं पतंगाचं?"

इथेच मी गप्प बसायला हवं होतं. मी गाऊन दाखवलं. मांडवाचे बांबू बांधणारे चार कार्यकर्ते जमले. मी कडवं पुरं केलं. वरचा सूर माझ्याने कसला लागतोय, मी हात वर करून दाखवला.

"भारी आहे काका! आपण विसरूनच गेलो होतो!"

"अरे, नको म्हणतोय मी. आमच्या बागेतले ज्येष्ठ या गाण्याबाबतीत फार हळवे आहेत. मायेकर तर..."

"काका, टेन्शन नॉट," पक्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आलं लक्षात."

काय लक्षात आलं, ते दोन दिवसांनी नाक्यावर लागलं. वीस फुटी फ्लेक्स. मधे झेनी, तरुणपणीचा फोटो, एका कानात रिंग. खाली ठळक अक्षरात: 'ज्येष्ठांच्या खास आग्रहास्तव सादर होणार पतंगाचं सुपरहिट गाणं!' आणि त्याखाली 'आग्रही' म्हणून दोन गोल फोटो. एक माझा, गेल्या वर्षीच्या रक्तदान शिबिरातला, हाताला सुई लावलेला. दुसरा मायेकरांचा.

पक्याला जाब विचारायला गेलो तर तो म्हणाला, "काका, गेल्या पाच वर्षांत बागेतनं कोणी आमच्याकडे आवाज कमी करा याच्याशिवाय दुसऱ्या कामाला आलेलं नाही. तुम्ही गाण्यासाठी आलात. समजतो आपण."

मायेकर फ्लेक्सखाली उभे होते. बराच वेळ त्यांनी स्वतःच्या फोटोकडे पाहिलं.

"मेल्या," ते मला म्हणाले. मला ते कायम अहोजाहो करतात. "मेल्या, ह्यां काय करून ठेवलंस रे?"

मी इकडेतिकडे बघितलं.

मग म्हणाले, "एक काम कर आता. दोन जागा सांग त्याला. कडेच्या. ज्या बाजूला पायरी नाही त्या."

मला वाटलं, झेनी अडकलीच तर पटकन पळून जाता यावं म्हणून. दुसरी जागा पळताना सोबत म्हणून माझी.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मायेकरांनी ज्येष्ठमधाची पुडी माझ्याकडे दिली. "तिला नेऊन दे. गाण्याआधी चघळ म्हणावं." मंडळाच्या ऑफिसात झेनी बसली होती. पांढरे बारीक कापलेले केस, चष्मा, पायात पांढरे बूट आणि समोर मंडळाचा बटाटेवडा. रिंग नव्हती. मी पुडी पुढे केली आणि अंगात काय आलं कोण जाणे, म्हणालो, "बाई, वरचा सूर नाही लागला तरी चालेल हं."

पक्याने कपाळाला हात लावला. झेनी मोठ्याने हसली.

"फ्लेक्सवर तुम्हीच ना? हाताला सुई?"

"हो. काळजी मला नाही, दुसऱ्याला आहे. झोप लागत नाही त्यांना."

"मलाही लागली नाही," ती ज्येष्ठमध तोंडात टाकत म्हणाली. "तो वरचा सूर जाऊन खूप दिवस झाले हो. बघू, कसं पोचायचं ते."

तोच शब्द. आता मलाही मायेकर झाला होता.

बाहेर आलो तर माझी जागा गेलेली. कडेला, पायरी नसलेल्या बाजूला, मायेकर बसले होते आणि त्यांच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत एक बाई. निळी शाल, केसांत अबोलीचा गजरा, थोडा वाकडा माळलेला. पुरुषाने माळलेला गजरा ओळखू येतो.

"मंडळी," मायेकर म्हणाले. "सुलभा, हे साळवी. बागेतले."

बाईंच्या ओठाचा एक कोपरा हसला. दुसरा खालीच राहिला.

"दोन वर्षं झाली झटका येऊन," मायेकर माझ्याकडे न बघता बोलू लागले. "बोलणं गेलं. पाणी हवं तरी खूण करते. पण हे गाणं लावलं की म्हणते. शब्दन् शब्द. डॉक्टर म्हणाले, होतं असं, गाणं मेंदूच्या वेगळ्या खोलीत असतं. पतंग सुटेपर्यंत म्हणते. तिथे अडकते. मग भिंतीकडे तोंड करते, दिवसभर. मी सकाळी बागेत ऐकून बघतो, आज कसं जातंय." त्यांनी शाल सारखी केली. "पहिल्या कॅसेटपासून झेनी म्हणजे तिचा जीव. आज तिच्यादेखत झेनीच अडकली तर, साळवी?"

मी फ्लेक्सचा विचार केला आणि मांडवाचा एखादा बांबू माझ्या डोक्यात पडेल तर बरं, असं वाटलं.

मी मायेकरांच्या खुर्चीला टेकून उभा राहिलो. झेनीने चार गाणी म्हटली. मग पक्याने आग्रही मंडळींची नावं पुकारली, टाळ्या झाल्या, आणि पतंगाचं गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीला शेजारून एक आवाज आला. जाड, घोगरा, बिजागरीला तेल नसावं तसा, पण सुरात. सुलभाबाई गात होत्या. पुढच्या रांगेतल्या एका पोराने वळून बघितलं, मायेकरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो परत वळला नाही.

दुसरं कडवं. तिसरं. वाद्यांनी तो चढाव घेतला. मायेकरांनी माझं कोपर धरलं. सुलभाबाईंचा आवाज थांबला, ठरल्या जागी. त्यांचे डोळे स्टेजवर.

झेनीही थांबली. तिने वादकांना हाताने खूण केली, सगळं शांत झालं. कोणीतरी शिट्टी मारली. मोबाइल वर झाले. झेनी पुढे आली, स्टेजच्या कडेवर पाय खाली सोडून बसली.

"गच्चीवर चढायला गुडघे ऐकत नाहीत," ती म्हणाली. "आज पतंग अंगणातनं सोडते. चालेल?"

आणि तिने तो सूर घेतला. खाली. पार खालच्या पट्टीत, अंगाई म्हणावी तसा. मान वर करायची गरज नव्हती, तो सरळ आपल्यापाशी येत होता.

शेजारी आधी नुसता श्वास ऐकू आला. मग ती बिजागरी हलली. झेनीच्या अर्धा क्षण मागे, अडखळत, पण हलली आणि हलत राहिली, त्या सुराच्या टोकापर्यंत आणि त्याच्या पुढच्या ओळीत, जिथे गेली दोन वर्षं कोणी गेलं नव्हतं.

माझं कोपर काळंनिळं झालं असावं.

"पोचली," मायेकर म्हणाले. ते स्टेजकडे बघतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं, माणूस आता तरी निश्चिंत असेल. बागेच्या फाटकाबाहेर मायेकर उभे. शेजारी चाकाच्या खुर्चीत सुलभाबाई, पायात मोजे, कानाला मफलर. वेड्यावाकड्या फाटकातून खुर्ची जात नव्हती. ते विती कशासाठी मोजायचे, हे तिथे उभं राहिल्यावर मला कळलं. कचऱ्याच्या गाडीसाठी बाजूला एक मोठं दार आहे, त्याच्या कुलपाशी तावडे खटपट करत होता.

"गंजलंय हो ते," मायेकर कुजबुजले. "किल्ली आत तुटली तर? आणि उघडलं तरी आत तो चढ आहे कारंज्यापाशी. खुर्ची मागे आली तर? आणि सगळे सरळ फिरतात, आपण उलटे..."

खुर्चीतून हळू आवाजात पतंगाचं गाणं सुरू झालं होतं. स्पीकर बंद होता.

तावडेने किल्ली फिरवली. कुलूप करकरलं. मायेकरांनी श्वास रोखला.

मी त्यांचं कोपर धरलं.