नाव येगळं, ठिकाण येगळं

वासुदेवभाऊंच्या दुकानात जाऊन "मी धानोऱ्याचा" असं चुकूनही म्हणू नका. मोबाईल राहील बाजूला, तुमचीच दुरुस्ती सुरू होईल.

"गाव कोणं इचारलं? कोण हायेस ते सांग. नाव येगळं, ठिकाण येगळं!"

मोबाईल-कम्प्युटर दुरुस्त करणारे आमच्या वडशात आणखीही आहेत. पण इंटरनेटच्या पत्त्यांचा इतिहास तोंडपाठ असलेला हा एकच. माझी पिठाची चक्की त्यांच्या भिंतीला लागून. चक्की चालू असतानाही मला तो ऐकू येतो, आता बोला!

"इंटरनेटवाल्यायनं सुरुवातीलेच घोळ केला नं भाऊ," बशीत चहा ओतत ते सांगतात. "तवाचे कम्प्युटर अलमारीएवढे. उचलून कोण फिरते? म्हणून तो कोण अन् कुठी, दोन्ही एकाच आकड्यात कोंबलं. मंग मोबाईल आला. गडी चालाले लागला! जागा बदलली का आकडा बदलला, अन् चालू गोष्ट मधातच खल्लास. मंग बसले शहाणे डोक्शाले हात लावून. कोणी म्हणे, नाव कायम ठेवा, ठिकाण येगळं ठेवा. कोणी म्हणे, घरी एक जण बसवा, आलेला निरोप तो पुढं धाडून देईन. अजूनबी भांडूनच राह्यले."

"मग तुम्ही काऊन तापता?" मी विचारतो.

"अरे, आपल्या नाटकवाल्यायले हे कवाचं समजते!"

भाऊंची बायको, शकुंतलाबाई, झाडीपट्टीच्या नाटकमंडळीत काम करतात. हिवाळाभर आज कुरखेडा तर उद्या मुलचेरा. जंगलातल्या गावांत फोन लागत नाही. म्हणून गाडी टॉवरच्या टप्प्यात आली की ड्रायव्हर आधी भाऊंना कळवतो, आणि कलाकारांच्या घरचे भाऊंना विचारतात. आज मंडळी कुठे, ते भाऊ सांगतात. वर "बरी हाय, जेवली" हेही, न विचारता.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा मुलगा नितीन पुण्याहून आला. तिथे कम्प्युटरच्याच नोकरीत आहे. दुकान बंद करा, आई येईल तेव्हा येईल, तुम्ही माझ्याकडे चला, म्हणून हटूनच बसला.

"बाबा, नंबर तोच राहील. तुम्हीच म्हणता ना, नाव वेगळं, ठिकाण वेगळं?"

मी चक्की बंद केली. भाऊ स्वतःच्याच शब्दांत सापडलेत, हे बघायला पुन्हा कधी मिळणार? मला तर हसू आवरेना.

भाऊंनी बशी खाली ठेवली.

"तू लहान होतास. तापानं फणफणला होतास. तुही माय दौऱ्यावर. माणूस धाडला, त मंडळी पुढच्या गावाले गेल्ती. तिथी धाडला, त तिथूनबी हालली. ते घरी आली तवा तुहा ताप उतरून गेल्ता. तुले पोटाशी धरून लय रडली. तवापासून मी हालत नाई. फिरणाऱ्याले फिरता येते, काऊन का एक जण जागेवर बसते."

नितीनने भाऊंची बशी उचलून विसळायला नेली.  मी उगाच अंगावरचं पीठ झटकत राहिलो.

पुण्याला परत निघताना नितीन दुकानात आला. "बाबा, मी रूम बदलतोय. नवा पत्ता पाठवतो."

"पाठव," भाऊ म्हणाले. "तुही माय इचारते."

त्याच दुपारी शकुंतलाबाईंचा फोन आला. चक्कीमुळे भाऊ फोन स्पीकरवरच ठेवतात.

"अजी, पोरगा कुठी पोचला?"

"नागभीडच्या पुढं. डबा खाल्ला म्हणे."

"अन् तुमी कुठी?"

हे त्या दर वेळी विचारतात. एरवी कोणी नावाऐवजी ठिकाण सांगितलं की भाऊ खवळतात, पण या प्रश्नाची ते वाटच बघत असतात.

"मी इथीच हाव," भाऊ म्हणाले.