तेरावा डबा

बायको, शुभदा, गेल्याचं कळलं तेव्हा बिंदुमाधव बेंगळुरातल्या विमानांच्या एका सरकारी संस्थेत गणकयंत्राशी भांडत होता. साल अडुसष्ट. यंत्राच्या पोटात त्यानं चाळीस खणांची रांग आखली होती आणि कुणाच्या तरी भोकं पाडलेल्या पंचकार्डानं एक्केचाळिसावा खण मागितला होता. यंत्र कधी नाही म्हणत नाही. रांग संपली की शेजारी जे पडलेलं असेल ते उचलून देतं. त्यानं वाऱ्याच्या वेगाऐवजी तारीख उचलली आणि विमानाचा पंख इतका लांब छापला की एक टोक देवनहळ्ळीत आणि दुसरं आठ-दहा कोसांवरच्या के. आर. पुरमात. बिंदुमाधव पोट धरून हसत होता, तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. ते हसणं त्याला पुढे फार दिवस टोचलं.

दोन महिन्यांनी सासरे अप्पासाहेब सांगलीहून आले, ते नऊ वर्षांच्या सुलभाला न्यायलाच. एकट्या पुरुषाच्या हातून पोर वाढत नाही, असं त्यांचं म्हणणं. बिंदुमाधव म्हणाला, आधी माझ्या हातची आमटी खा, शुभदाचीच चव असेल, मग ठरवा. त्याची भिस्त तिच्या वहीवर होती. नवऱ्याला ओवा आणि जिरं यांतला फरक कळत नाही हे ओळखून तिनं फळीवरच्या डब्यांना आकडे दिले होते आणि पाककृती आकड्यांतच लिहिल्या होत्या. वाफेनं डब्यांवरचे आकडे पुसले होते, पण मोजायला काय लागतं?

स्टोव्ह पेटवता पेटवता त्यानं सासऱ्यांना ऑफिसातला पराक्रम सांगितला. आता प्रत्येक खणाआधी त्यानं राखणदार बसवला होता. मागितलेला आकडा एकाहून लहान किंवा चाळिसाहून मोठा असला, की यंत्र जागीच थांबतं आणि चुकलेला आकडा छापतं. रांगेबाहेर हात घालायची कुणाची टाप नाही. अप्पासाहेब बरं म्हणाले आणि जेवायला किती वेळ आहे ते विचारलं.

वहीत शेवटी लिहिलं होतं : १३ मधलं दोन चमचे. बिंदुमाधव बोटानं मोजत निघाला.

"बाबा, डबे बाराच आहेत," सुलभा म्हणाली.

"आईनं लिहिलंय ना? मग असणारच."

बारावर फळी संपली. त्याचं बोट खिडकीच्या कठड्यावर गेलं. तिथं तसाच एक डबा होता. आत पांढरी पूड. त्यानं दोन चमचे मोजून घातले.

आमटीत आमसुलं होती. ती अशी फसफसली की पातेलं सोडून स्टोव्हवर आली, स्टोव्हवरून ओट्यावर, आणि हळदीचा रंग कुंकवासारखा लालभडक झाला. अप्पासाहेबांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि मोरीकडे धाव घेतली. तो कपडे धुवायचा सोडा होता.

तोंड धुऊन ते परत आले आणि पाटावर बसले. बिंदुमाधवला वाटलं, संपलं, उद्याच्या गाडीनं पोर जाणार.

"तेरावा डबा आहे तरी कुठला?" अप्पासाहेबांनी नातीला विचारलं.

सुलभानं तांदळाच्या डब्यातून सुतळीनं बांधलेली कागदाची पुडी काढली. शुभदानं दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात कुटलेला काळा मसाला. "आई चैत्रापासून म्हणत होती, काळ्या मसाल्याला डबा आणा. बाबा म्हणायचे, उद्या चिकपेटेच्या बाजारातून आणतो. म्हणून तिनं आकडा आधीच लिहून ठेवला."

अप्पासाहेबांनी पुडी नाकाशी धरली, मग जावयाच्या हातात दिली. सुलभानं नवी डाळ शिजायला लावली. या वेळी बिंदुमाधव प्रत्येक चमच्याआधी तिच्याकडे बघत होता. ती मान हलवी, मगच हात पुढे जाई.

अप्पासाहेब पहिला घास घेऊन थांबले. डोळे पुसून पुन्हा जेवू लागले. हात धुताना म्हणाले, "बिंदुमाधवराव, यंत्राला तुम्ही राखणदार नेमलात. घरचा राखणदार मी कसा नेऊ? पोर राहू दे."

दुसऱ्या दिवशी बिंदुमाधवनं त्यांना स्टेशनवर सोडलं. चिकपेट वाटेतच होती; उद्या आणू म्हणत तो पुढे गेला. पुडीत आता दोन आमट्यांपुरता मसाला उरला आहे. डबा अजून आणायचा राहिला आहे.